पुढच्या दाराची बेल

आमच्या घराला दोन दारं आहेत, आणि माणूस आमचा कोण लागतो हे तो कुठल्या दारानं येतो त्यावरून कळतं. पुढच्या दारानं येतात ते पाहुणे, लग्नाच्या पत्रिका घेऊन येणारे, वर्गणीवाले, मीटर बघणारा आणि वर्षातून एकदा गणपती. घरातनं माणूस कायमचा जातो तोही पुढच्याच दारानं, पण ते नाव सकाळच्या पारी नको. बाकी सगळं जग मागील दारानं येतं. मासेवाली, शेजारीण, विरजण मागायला आलेली तिची सून, मांजर, आणि घरधनी. आमचे हे पुढच्या दारानं आत आलेले, मी या घरात आल्यापासून, मला तरी आठवत नाहीत. आधी सायकल होती, मग स्कूटर आली, पण रीत तीच. गाडी रस्त्याकडेला लावायची, कुंपणाच्या गडग्याच्या कडेनं वळसा घालून मागीलदारी जायचं, दगडी डोणीतल्या पाण्यानं पाय धुवायचे, चपला पायरीशी काढायच्या आणि आत पाऊल टाकता टाकता म्हणायचं, "अगो, चहा टाक." मागीलदारी चपला दिसल्या की माणूस घरात आहे, असं आमचं साधं गणित.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी कर्मकथा यातूनच झाली.

यांचं रत्नागिरीच्या बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. खिशाला पेनऐवजी टेस्टर. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो टेस्टर दिसतो, सासूबाई ओरडल्या तरी काढला नव्हता. लोकांच्या घरी जाऊन टीव्हीच्या पोटात हात घालायचे आणि चित्र आलं की वहिनींनी दिलेला चहा पिऊन निघायचे. गिऱ्हाइकाच्या घरची प्रत्येक बाई यांची वहिनी. अशा माणसानं एक दिवस आमच्याच टीव्हीसमोर उभं राहून मला विचारलं, "हा चालू कुठनं करायचा गो?" मी हसले. म्हटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण हे हसले नाहीत.

मग एकेक गळायला लागलं. माणसांची नावं गेली, वार गेले, जेवलो की नाही ते गेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, सांभाळून घ्या. सांभाळून घ्या म्हणायला काय जातं! यांना चालायची सवय लागली होती. उठायचे आणि चालायला लागायचे. एकदा जुन्या दुकानाशी सापडले. तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात. त्या दुकानदाराला हे सांगत होते, बाजूला हो, माझी जागा आहे. दुसऱ्यांदा एका रिक्षावाल्यानं आणून सोडलं. "भाभी, काका भाट्याच्या पुलावर उभे होते. पाण्याकडे बघत होते," एवढंच तो म्हणाला आणि मान खाली घालून गेला. पाण्याकडे बघत होते, या शब्दांनी माझी झोप उडवली ती उडवलीच.

ही पुलाची गोष्ट पुण्याला मुलाच्या कानावर गेली. कोणी सांगितली कोण जाणे, रत्नागिरीत वाऱ्याला पण तोंड आहे. एकुलता एक मुलगा, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याच रात्रीच्या गाडीनं आला आणि मला समोर बसवून म्हणाला, "आई, पुन्हा एकदा असं झालं ना, की मी तुझं ऐकणार नाही." पुण्यात म्हणे अशा माणसांसाठी एक केंद्र आहे. चोवीस तास माणसं, डॉक्टर, कुंपण, सगळं स्वच्छ. त्यानं फोटो दाखवले. सारख्या रंगाच्या खुर्च्यांवर सारखे म्हातारे बसले होते आणि सगळे एकाच भिंतीकडे बघत होते. स्वच्छ होतंच. आमच्या मागीलदारी असतो तसा पाचोळा, मांजर, माशांची खवलं, काही म्हणजे काही नव्हतं. मी म्हटलं, "मी जिवंत आहे तोवर हे इथनं हलणार नाहीत." तो म्हणाला, "आई, मला पण बाप एकच आहे." दोघंही खरं बोलत होतो, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं.

मधला मार्ग म्हणून त्यानं ती बेल बसवली.

बेल म्हणजे साधी नाही. तिला डोळा आहे. दारासमोर काही हललं की तो डोळा उघडतो आणि चित्र घरातल्या कॉम्प्युटरवर येतं, तेच चित्र त्याच वेळी मुलाच्या फोनवर पुण्यात जातं. बाहेरचा माणूस बोलला की ऐकू येतं, आपण बोललो की त्याला ऐकू जातं. मोबाइलवर पण बघता येतं म्हणे, पण माझ्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना ती अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. आणि माझा आधीचा मोबाइल यांनी टेस्टरनं उघडून ठेवला होता, त्याचे तुकडे अजून बरणीत आहेत. म्हणून मुलानं त्याच्या कॉलेजच्या वेळचा मोठा कॉम्प्युटर माजघरात पुन्हा मांडला. डाव्या बाजूला बेलीची खिडकी, उजवीकडे त्याच्याशी बोलायची. रविवारी सकाळी तो फोन लावणार, मी हिरवं बटण दाबणार, एवढं मला शिकवलं.

आणि ही बेल त्यानं बसवली कुठे? पुढच्या दाराला! त्याचं तरी काय चुकलं. फ्लॅटला दार एकच असतं. पण मी? मी तिथं उभी राहून त्याला स्टूल धरून देत होते, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. बेल म्हटली की पुढचं दार, हे इतकं अंगात मुरलेलं. तो पुण्याला पोचला तेव्हा माझी ट्यूब पेटली. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो माणूस त्या दारानं जातो कधी आणि येतो कधी! सांगायला फोन उचलला आणि ठेवला. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बघ, तिथं नाहीच ठेवता यायचे बाबा. जाऊ दे, गप्प बसले.

पहिले काही दिवस त्या बेलीनं माझा नुसता पिच्छा पुरवला. नारळाची झावळी हलली, टिंग. कोंबडी गेली, टिंग. कुरिअरवाला आला तेव्हा मी माजघरातनंच म्हटलं, "कोण पाहिजे?" तर त्या बिचाऱ्यानं दचकून आधी वर बघितलं, मग मागं बघितलं आणि पाकीट पायरीवर टाकून पळाला. मासेवालीला मी कौतुकानं म्हटलं, एकदा पुढच्या दारानं ये, तुला टीव्हीत बघते. ती म्हणाली, "माका काय मयताक येवचा आसा पुढल्या दारान?" आणि मागीलदारी बसून बांगडे निवडायला लागली. ती मूळची तळकोकणातली, तोंडाला फटकळ, पण बोलली ते खोटं नव्हतं.

तरी मी त्या पडद्याला चिकटले. कळत होतं की हे तिथनं जाणार नाहीत, आणि तरी बघत बसायची. भाजी फोडणीला टाकली की येऊन बघ, भात उतरवला की बघ. रिकामं अंगण, तुळस, बेड्याचं फाटक, रस्त्याचा तुकडा. रिकामं दिसलं की बरं वाटायचं आणि लगेच वाटायचं, रिकामं का आहे? भीती एकदा घरात शिरली की तिला दोन्ही दारं सारखीच.

मागील दाराचा बंदोबस्त माझा मीच केला. आधी कुलूप लावून बघितलं. यांनी दारावर धक्के मारले, मग पायरीशी बसून लहान मुलासारखे रडले. "माझ्याच घरात मला कोंडतेस गो?" ते मला सोसवलं नाही, कुलूप विहिरीत टाकायचं तेवढं बाकी ठेवलं. मग माळ्यावरनं गुराची जुनी घंटा काढली, आमच्या कपिलेच्या गळ्यातली, आणि दाराला बांधली. दार हललं की ठण् ठण्. मुलाच्या महागड्या बेलीपेक्षा ही खरी. हिच्या भरवशावर आमचे दिवस चालले होते.

तो रविवार दिवाळी होऊन गेल्यानंतरचा. पावसानंतरचं ते ऊन, सकाळपासून डोक्यावर बसणारं. मी यांना स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून पुढ्यात मोड आलेले कडवे वाल दिले होते सोलायला. वाल सोलायला यांना आवडतं. हात अजून पूर्वीचेच आहेत, एका बोटानं टिचकी, साल इकडे, दाणा तिकडे. मागचं दार मी ओढून घेतलं. त्याला कारण आहे. कॉम्प्युटरसमोर बसले की माझी पाठ स्वयंपाकघराकडे येते, आणि त्याच्या सरळ रेषेत मागचं दार. ते उघडं असलं की मागनं उजेड येतो आणि पडद्यावर माझं तोंड काळंठिक्कर दिसतं. मुलगा नेहमी ओरडायचा, आई, दार लाव, दिसत नाहीस. आणि त्याला त्याचाच आवाज परत ऐकू येतो म्हणून मी कानावर ते हेडफोन चढवायचे. मोठे, मऊ, कान झाकून टाकणारे.

कळलं ना? एवढी घंटा बांधली आणि स्वतःच्या हातानं कान बुजवले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मुलगा त्या दिवशी इकडचं तिकडचं न बोलता एकदम म्हणाला, "आई, तिथं एक जागा रिकामी झालीय. उद्या कळवायचंय."

"कशाची जागा?" मी विचारलं. कशाची ते मला ठाऊक होतं.

"आई, प्लीज. नीट ऐक."

"तूच नीट बघ आधी," मी जरा बाजूला सरले. "ते बघ मागे. वाल सोलतायत. दिसतात ना? एवढं शहाणं माणूस तुमच्या त्या केंद्रात काय करणार, भिंत सोलणार?"

त्याला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. म्हणाला, "आणि तुझं काय? तू किती वाळलीस. तू पडलीस तर? तुझ्या मागे कोण बघणार त्यांना?" मग माझं डोकं सटकलं. म्हटलं, मला मारून मोकळा झालास का, अजून चार जणांचा स्वयंपाक उभ्यानं करते मी. तो बोलत होता, मी बोलत होते, एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नव्हतं. माझी नजर त्याच्या तोंडावर. कपाळावर आठी पडली की अगदी यांच्यासारखा दिसतो.

आणि मधेच तो थांबला. "आई, तू एकदम काळी झालीस."

आधी मला वाटलं रागानं म्हणतोय. मग पडद्याच्या कोपऱ्यात माझं स्वतःचं छोटं चित्र असतं त्याच्याकडे माझं लक्ष गेलं. तोंड काळं झालं होतं. खांद्यामागे पांढरा लख्ख चौकोन. मागचं दार उघडं होतं. आणि खुर्ची रिकामी.

पण मी मान वळवली नाही. वळवली असती तर त्याला कळलं असतं. मी नुसती जरा डावीकडे सरकले, माझ्या अंगानं ती खुर्ची झाकली जाईल अशी.

"बाबा कुठेत?" त्यानं विचारलं.

"न्हाणीघरात गेले असतील."

"दार कोणी उघडलं?"

"मांजरानं. त्याला काय धाड भरलीय, ढकलतं ते." माझा आवाज मलाच परका वाटत होता. तो पुन्हा जागेचं सांगायला लागला, आणि मी मान हलवत बसले. उठावं तर त्याला समजणार, आणि समजलं की उद्या पुण्याची गाडी. बसावं तर ते पावलापावलानं लांब जातायत, पुलाकडे, पाण्याकडे. देवा रे, काय वेळ आणलीस, असं मी मनात म्हणत होते आणि तोंडानं म्हणत होते, "हो का? बरं. खोल्या हवेशीर आहेत का?" कोणत्याही बाईवर अशी वेळ येऊ नये.

शेवटी म्हटलं, "थांब, दूध उतू जातंय," हेडफोन टेबलावर टाकले आणि पळाले. वाल तसेच परातीत. पायरीशी चपला नाहीत. गडग्यावरनं शेजारणीला हाक मारली, ती म्हणाली, नाही बाई, मी आता न्हायला गेले होते. विहिरीला जाळी आहे, आम्हीच बसवलीय, तरी मी वाकून आत बघितलं. आत माझंच डोकं दिसलं. "अहो!" मी ओरडले. "अहो, ऐकलंत का?" नवऱ्याला आम्ही नावानं कुठे हाक मारतो. आणि अहो म्हणून हाक मारली तर कोण ओ देणार, तो की सगळं गाव?

तेवढ्यात घरात बेल वाजली. ती पुढची, सुरेल, महागडी.

पुढच्या दारानं कोण येतं? परका येतो. पोलीस येतो. वाईट बातमी येते ती त्याच दारानं. पूल, पाणी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. दारापर्यंत जायचा धीर होईना, म्हणून आधी कॉम्प्युटरकडे धावले.

पडद्याच्या उजव्या खिडकीत मुलगा हातातल्या फोनकडे बघत होता. डाव्या खिडकीत एक भलंमोठं नाक होतं. मग नाक मागे गेलं, टेस्टरचं टोक दिसलं, मग एक डोळा. हेच होते! बेलीच्या डोळ्यात टेस्टर घालून बघत होते. माझा जीव भांड्यात पडला. मी मटकन खुर्चीत बसले आणि हेडफोन उचलून कानाला लावले. मुलगा म्हणत होता, "आई, बाबा बाहेर आहेत! तू म्हणालीस न्हाणीघरात." मी पकडले गेले होते, पण त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. हे सापडले ना? मग करू दे काय करायचं ते.

मग मनात आलं, हे पुढच्या दाराशी का?

हे दोन पावलं मागे सरले. शर्टाची कॉलर सारखी केली, केसांवरनं हात फिरवला. चपला पायरीखाली काढून जोडीनं नीट लावल्या. आणि दाराकडे बघून मोकळ्या, हसऱ्या आवाजात म्हणाले, "वहिनी, आहात का घरात? टीव्ही बघायला बोलावलं होतं. हेच ना घर?"

तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. दुकानातला, गिऱ्हाइकाशी बोलायचा. मी मुलाकडे बघितलं. त्यालाही तेच ऐकू गेलं होतं. त्याचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं आणि आठी गेली होती.

हे तुमचंच घर आहे, असं मी यांना पूर्वी दोनदा सांगून बघितलं होतं. त्यानं ते नुसते घाबरतात, अंगाला कापरं भरतं. म्हणून मी उठले, पदर सारखा केला, पुढचं दार उघडलं आणि म्हटलं, "या. बरं झालं आलात. उन्हाचे आलात, बसा आधी."

पाहुण्याला देतात तसं गूळपाणी दिलं. हे खुर्चीच्या कडेवर बसले, लोकांच्या घरी बसायचे तसे, गुडघे जुळवून. टीव्हीकडे बघून म्हणाले, "काय होतंय याला?" मी म्हटलं, आवाज येत नाही. यांनी मागे हात घालून एक तार काढली, पुन्हा लावली, बटण दाबलं. आवाज आला. यायचाच होता. "सैल झाली होती," म्हणाले आणि टेस्टर खिशाला लावला. मी चहा केला. आलं घालून, साखर जरा पुढे, यांना लागते तशी. दोन घोट घेतले आणि कपाकडे बघत म्हणाले, "झकास झालाय. आमच्या घरी असाच असतो चहा."

मी टीव्हीकडे तोंड करून उभी राहिले. त्यावरची धूळ पुसायचं नाटक करत.

"निघतो वहिनी," हे उठलेच. "घरी ही वाट बघत असेल. मला जरा उशीर झाला की जीव खालीवर होतो तिचा. बोलत नाही, पण मला कळतं."

काय सांगू तुम्हाला. लग्नानंतर एवढ्या वर्षांत यांनी हे मला कधी बोलून दाखवलं नव्हतं. ऐकायला मला वहिनी व्हावं लागलं. मला पोटातनं ओरडावंसं वाटलं, अहो, मीच ती, बघा ना माझ्याकडे! पण हे बाहेर पडले आणि पुन्हा रस्त्याला लागले तर? दार तर सताड उघडं होतं, आणि यांची पावलं तिकडेच वळली होती.

कुठनं सुचलं ठाऊक नाही. म्हटलं, "मागील दारानं जा ना. तुम्हाला जवळ पडेल."

"नको, लोकांच्या स्वयंपाकघरातनं कशाला?"

"लोकांच्या कसलं? घरच्यासारखेच आहात."

मी पुढं होऊन पायरीखालच्या चपला उचलल्या. "अहो वहिनी, हे काय, माझ्या चपला कशाला हातात..." म्हणत हे संकोचानं माझ्या मागोमाग आले. माजघरातनं, कॉम्प्युटरच्या समोरनं, वालाच्या परातीवरनं. मी मागचं दार ढकललं, घंटा वाजली, चपला पायरीखाली ठेवल्या. यांनी त्या घातल्या, मला हात जोडले आणि उतरले.

मी दाराला धरून उभी. हे बेड्याकडे वळले असते तर मी धावून धरणार होते, मग कितीही रडू देत. पण हे डोणीपाशी थांबले. जरा वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले. मग वाकले, तांब्या उचलला आणि एका पायावर पाणी घेतलं, मग दुसऱ्यावर. पाय झटकले. वळले, पायरीशी आले, चपला काढल्या. मी घाईघाईनं दारातनं आत सरले.

"अगो, चहा टाक," म्हणाले.

मी टाकला. निम्मी साखर ओट्यावर सांडली.

हे कप घेऊन माजघरात गेले आणि तेव्हा मला आठवलं, कॉल चालूच होता. मी मघाशी बंद केलाच नव्हता. मुलगा खुर्चीत होता तसाच बसला होता. मागचं दार उघडं होतं, माझ्या रिकाम्या खुर्चीमागे त्याला स्वयंपाकघर, दार, डोण, सगळं दिसलं होतं. त्याचे डोळे लाल झाले होते. हे त्या खुर्चीत बसले, मी हेडफोनची पिन उपटली तसा त्याचा श्वास घरभर ऐकू यायला लागला.

"काय रे," हे त्याला म्हणाले, "जेवलास का?" ओळखलं. त्या दिवशी ओळखलं.

"जेवतो आता, बाबा."

"वेळेवर जेवावं." मग माझ्याकडे वळून, "मघाशी पुढच्या दाराची बेल वाजली वाटतं. कोण आलं होतं गो?"

"टीव्ही दुरुस्तीवाला," मी म्हटलं.

"मी घरात असताना दुसरा कशाला बोलावलास?" चांगलेच चिडले. मग जरा विचार करून विचारलं, "चहापाणी विचारलंस ना त्याला?"

"विचारलं."

"बरं केलंस. दारी आलेल्या माणसाला असं उन्हातनं परत धाडू नये."

मुलानं चष्मा काढून पुसला. पुसतच बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, उद्या मी त्यांना फोन करतो." मी हातातली पिन टेबलावर ठेवली. "जागा नको म्हणून सांगतो. आणि शनिवारी तिकडे येतो. बाईमाणूस कोणी मिळतं का बघू तुझ्या मदतीला."

"कसली जागा?" यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा," तो म्हणाला. "तुमच्या चपला कुठेत?"

हे त्याच्याकडे, काय हा प्रश्न, अशा नजरेनं बघत राहिले.

"मागीलदारी," म्हणाले. "आणि कुठे असणार?"